‘पॅराबेनमुक्त’ म्हणजे कशाने युक्त?

पाणी आले की जंतू आलेच. शाम्पू असो, चेहऱ्याला लावायचे क्रीम असो, खोकल्याचे औषध असो की टोमॅटोचे सॉस, ज्यात पाण्याचा अंश आहे आणि जे एकदा उघडल्यावर महिना-दोन महिने पुरवून वापरायचे आहे, त्यात जिवाणू आणि बुरशी वाढायला वेळ लागत नाही. त्यांना अटकाव करण्यासाठी उत्पादक अगदी थोड्या प्रमाणात जे रसायन मिसळतात, त्याला परिरक्षक म्हणतात. बोलताना आपण सर्रास प्रिझर्व्हेटिव्ह म्हणतो. या परिरक्षकांमुळे होणारी स्पर्शजन्य ॲलर्जी हा या पुस्तकाचा विषय आहे. पण परिरक्षकांबद्दल तक्रार करण्याआधी त्यांची बाजू मांडणे न्यायाचे होईल, आणि ती मांडायला मुंबईतल्या परळइतकी योग्य जागा दुसरी नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी याच शहरात प्लेगवरची लस तयार केली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ लागले. सुरुवातीला या लशीत कार्बोलिक ॲसिड घालत. मागणी वाढल्यावर पद्धत बदलली, उष्णतेने निर्जंतुक करण्यावर भर आला आणि कार्बोलिक ॲसिड वगळले गेले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना ही लस टोचली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने दगावले, आणि त्या सगळ्यांची लस एकाच बाटलीतली होती. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. गावात बाटली उघडताना सहायकाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्ट चौकशीच्या कागदपत्रांत होती, पण तिच्याकडे लक्ष द्यायला काही वर्षे जावी लागली. १९०७ साली रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू लावून धरली आणि त्यांच्यावरचे किटाळ दूर झाले. १९२५ साली त्या प्रयोगशाळेला त्यांचेच नाव देण्यात आले.

दोष कोणाचा, हा वाद आता इतिहासजमा झाला आहे. त्यातून उरलेला धडा मात्र औषधनिर्मितीच्या पाठ्यपुस्तकात जाऊन बसला. कारखान्यातून निर्जंतुक निघालेली बाटली उघडल्यानंतर निर्जंतुक राहतेच असे नाही. १९२८ साली ऑस्ट्रेलियातील बंडाबर्ग शहरात घटसर्पाची लस दिल्यावर १२ मुले मरण पावली. त्याही वेळी लशीची बाटली अनेकदा वापरायची होती आणि तिच्यात परिरक्षक नव्हते. ‘प्रिझर्व्हेटिव्ह नको’ असे सरसकट म्हणणाऱ्याने या दोन घटना डोळ्यांसमोर ठेवाव्यात.

म्हणजे परिरक्षक हवेत. प्रश्न असा आहे की जे रसायन जिवाणूच्या पेशीवर हल्ला करते, ते आपल्या कातडीशीही काहीतरी व्यवहार करणारच. बहुसंख्य लोकांच्या बाबतीत हा व्यवहार कधी जाणवतसुद्धा नाही. थोड्या लोकांची कातडी मात्र त्या रसायनाला शत्रू मानते, आणि एकदा मानले की बहुधा जन्मभर.

यातली मेख महाराष्ट्रातल्या वाचकाला बिब्ब्यावरून चटकन कळेल. बिब्ब्याचे तेल थेट कातडीवर पडले तर कोणालाही भाजल्यासारखे होते. पण काही माणसे अशी असतात की त्यांना बिब्ब्याचा नुसता पुसटसा स्पर्श पुरतो. बिब्बा उततो, अंग सुजते, पाण्याने भरलेले फोड येतात. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर असेच चट्टे उठू लागले. १९४३ साली डॉक्टरांनी छडा लावला, तेव्हा परटाने कपड्यांवर खुणेसाठी वापरलेली बिब्ब्याची शाई त्यामागे निघाली. सगळ्यांचे कपडे परटाकडेच धुतले जात, पुरळ मात्र सगळ्यांना आले नाही. स्पर्शजन्य ॲलर्जीचा स्वभाव हा असा आहे. ती पदार्थात नसते आणि माणसातही नसते. त्या पदार्थाची आणि त्या माणसाची गाठ पडते तेव्हा ती जन्माला येते.

ही गाठ पडते कशी? आपल्या कातडीचा वरचा थर मोठ्या रेणूंना आत येऊ देत नाही. वस्तुमानाने साधारण ५०० डाल्टनपेक्षा लहान रेणू मात्र आत शिरू शकतात. ते तिथल्या प्रथिनांना चिकटले की त्या प्रथिनांचे रूप बदलते. पाउल लांगरहान्स यांनी १८६८ साली विद्यार्थिदशेत शोधलेल्या, आणि आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या कातडीतल्या पेशी हे बदललेले रूप उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात. तिथे रोगप्रतिकारशक्तीच्या टी-पेशी त्याची ओळख पटवून घेतात. या पहिल्या फेरीला दहा दिवस ते दोन आठवडे लागतात आणि त्या काळात कातडीवर काहीही दिसत नाही. पुढच्या वेळी तोच रेणू आला की ओळखीच्या टी-पेशी गोळा होतात, आणि एक ते तीन दिवसांत तिथे खाज, लाली, बारीक फोड, मग पाणी गळणे आणि खपल्या, असे इसबाचे सगळे रूप उभे राहते.

हे एक ते तीन दिवसांचे अंतर रुग्णालाही चकवते आणि कित्येकदा डॉक्टरलाही. सोमवारी लावलेल्या क्रीमचा त्रास बुधवारी दिसतो. मग दोष मंगळवारच्या जेवणातल्या मासळीवर किंवा वांग्यावर जातो. घरात आंबट बंद होते, डाळ बंद होते, क्रीम चालूच राहते. “डॉक्टर, मी हे क्रीम गेली सहा वर्षं लावतेय, आत्ताच कसं होईल?” हा प्रश्न आम्हा त्वचारोगतज्ज्ञांना नेहमी ऐकावा लागतो. उत्तर असे की ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नसते, ती वापराने घडत जाते. सहा वर्षे वापरणे हा त्या क्रीमच्या निर्दोषपणाचा दाखला होऊ शकत नाही.

अंगावर पित्त उठणे ही गोष्ट वेगळी. त्यात गांध्या काही मिनिटांत उठतात आणि तासाभरात किंवा दिवसभरात विरून जातात. साबणाने हात कोरडे पडून चुरचुरणे हीही वेगळी गोष्ट. ते अति वापराने कोणालाही होऊ शकते. या तिन्ही गोष्टींना लोक ‘ॲलर्जी’ म्हणतात, तिन्हींवर एकच गोळी घेतात आणि तिसऱ्याच कारणासाठी दुकानातून ट्यूब आणतात. या पुस्तकात ॲलर्जी हा शब्द येईल तो मुख्यतः स्पर्शजन्य, उशिरा उमटणाऱ्या ॲलर्जीसाठी.

आता परिरक्षकांच्या घराण्यांकडे वळू. सगळ्यांत बदनाम घराणे पॅराबेनचे. १९२०-३०च्या सुमारास वापरात आलेली ही रसायने स्वस्त, रंगगंधहीन आणि बुरशीवर प्रभावी. २००४ साली इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या फिलिपा डार्बर आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या गाठींचे २० नमुने तपासून त्यांत पॅराबेन सापडल्याचे प्रसिद्ध केले. तुलनेसाठी निरोगी ऊतींचे नमुने त्या अभ्यासात नव्हते आणि पॅराबेनमुळे कर्करोग होतो असे त्यातून सिद्धही झाले नव्हते. पण बातमी पसरायची ती पसरली. काही पॅराबेनच्या संप्रेरकांवरील परिणामाबद्दल शंका होत्या आणि युरोपीय संघाने २०१४ साली त्यांतील पाच प्रकार बंद केले, इतर दोन प्रकारांचे प्रमाण कमी केले. मिथाइल आणि इथाइल पॅराबेन मात्र आजही तिथे मान्य आहेत. हा सगळा वाद संप्रेरकांचा. ॲलर्जीच्या बाजूने पाहिले तर पॅराबेनइतके शांत परिरक्षक शोधून सापडणे कठीण. जगभरच्या पॅच टेस्टमध्ये, म्हणजे पाठीवर रसायन चिकटवून पाहायच्या तपासणीत, ते जेमतेम शंभरात एकाला, बहुतेक ठिकाणी त्याहूनही कमी लोकांना बाधते. अमेरिकेतील कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटी दरवर्षी एका पदार्थाला ‘वर्षाचा ॲलर्जेन’ जाहीर करते. २०१९ साली तिने पॅराबेनची निवड केली ती ‘वर्षाचा बिगर-ॲलर्जेन’ म्हणून.

पॅराबेनची एक खोड न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ अलेक्झांडर फिशर यांनी १९७३ साली नोंदवली. ज्यांना पॅराबेनची ॲलर्जी आहे असे लोकही धडधाकट कातडीवर पॅराबेनचे सौंदर्यप्रसाधन लावतात आणि त्यांना काही होत नाही. तेच पॅराबेन जखमेच्या किंवा इसबाच्या मलमातून आले की त्रास होतो. फाटलेल्या कातडीतून आत शिरणे सोपे, हे त्यामागचे कारण. औषधांच्या प्रकरणात या गोष्टीला फार महत्त्व आहे.

पॅराबेनला लोक घाबरले, तेव्हा बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत ‘पॅराबेनमुक्त’ झळकू लागले. पण बाटलीत पाणी होतेच, आणि पाणी असल्यावर काहीतरी परिरक्षक हवेच. मग आत काय आले?

काही ठिकाणी फॉर्मल्डिहाइडची भावंडे आली. फॉर्मल्डिहाइड हा ॲलर्जीचा जुना आणि नामांकित कारक. म्हणून उत्पादक तो थेट न घालता, पाण्यात हळूहळू फॉर्मल्डिहाइड सोडणारी रसायने घालतात. क्वाटर्नियम-१५, डीएमडीएम हायडॅन्टॉइन, इमिडाझोलिडिनिल युरिया, डायझोलिडिनिल युरिया, ब्रोनोपॉल ही त्यांची नावे. यांतल्या एकाही नावात ‘फॉर्मल्डिहाइड’ हा शब्द नाही. ज्याला फॉर्मल्डिहाइडची ॲलर्जी आहे आणि जो यादीत तेवढाच शब्द शोधतो, तो यादी वाचूनही फसतो.

त्यापुढची गोष्ट आयसोथायाझोलिनोनची, आणि या पुस्तकात तिला सर्वांत जास्त पाने दिली आहेत. १९८०च्या सुमारास युरोपात दोन रसायनांचे एक मिश्रण प्रसाधनांत आले. मिथाइलक्लोरोआयसोथायाझोलिनोन तीन भाग आणि मिथाइलआयसोथायाझोलिनोन एक भाग. केथॉन सीजी या व्यापारी नावाने ते गाजले. जंतूंवर जबरदस्त, आणि मात्रा अगदी किरकोळ. काही वर्षांतच चेहऱ्याच्या आणि हाताच्या इसबाचे रुग्ण वाढू लागले, तेव्हा त्याची मर्यादा दहा लाखांत १५ भाग इतकी खाली आणली गेली. सगळ्यांनी क्लोरोवाल्या भावाला दोषी धरले, कारण तो खरोखरच जास्त जहाल होता. मग सौम्य समजला गेलेला दुसरा भाऊ एकटा वापरावा असे ठरले. २००५ साली युरोपात त्याला प्रसाधनांसाठी परवानगी मिळाली. पण सौम्य असल्याने तो जंतूंवरही दुबळा, म्हणून मात्रा वाढवावी लागली आणि मर्यादा ठेवली गेली दहा लाखांत १०० भाग. हिशेब करून पाहा. जुन्या मिश्रणाच्या १५ भागांत या दुसऱ्या रसायनाचा वाटा पावणेचार भागांचा. आता तेच रसायन १०० भागांपर्यंत, म्हणजे पंचवीसपटीहून जास्त.

व्हायचे तेच झाले. ओले टिश्यू, म्हणजे वेट वाइप्स, हे या साथीचे मोठे वाहन ठरले. तान्ह्या मुलांच्या बुडाला आणि तोंडाभोवती चट्टे, ते पुसणाऱ्या आईच्या बोटांना भेगा, मोठ्यांच्या गुदद्वाराभोवती न हटणारी खाज. पाण्यात कालवायच्या भिंतीच्या रंगांतही हे रसायन असते, आणि रंग ताजा असताना ते हवेत उडते. ज्याला आधीच ॲलर्जी जडली आहे, त्याने बाटलीला हात न लावताही नुसत्या नव्या रंगवलेल्या खोलीत झोपून चेहरा आणि पापण्या सुजवून घ्याव्यात, असे प्रकार नोंदले गेले. २०१३ साली अमेरिकी सोसायटीने त्याला ‘वर्षाचा ॲलर्जेन’ ठरवले. युरोपात २०१७पासून अंगावर राहू देण्याच्या प्रसाधनांत ते बंद झाले आणि २०१८ साली धुऊन टाकायच्या प्रसाधनांत पुन्हा १५ भागांवर आले. परवानगी ते बंदी, या प्रवासाला एक तप लागले. त्या तपात ज्यांना ॲलर्जी जडली, त्यांची ॲलर्जी कायदा बदलला म्हणून गेली नाही.

मिथाइलडायब्रोमो ग्लुटारोनायट्राइल नावाच्या आणखी एका परिरक्षकाचे युरोपात जवळपास असेच झाले. आले १९८०च्या दशकात, आणि २००३ ते २००८ या काळात प्रसाधनांतून हद्दपार झाले. मला या पुस्तकाच्या वाचकापुढे जे एकच म्हणणे ठेवायचे आहे, ते या मालिकेतून निघते. आपण भीती चुकीच्या नावाची बाळगतो. जुने, तपासलेले, फारसे न बाधणारे परिरक्षक एका बातमीने बदनाम होते. त्याच्या जागी नवे, कमी तपासलेले येते. ते जास्त लोकांना बाधते. मग तेही जाते आणि तिसरे येते. बाटलीवर ‘अमुकमुक्त’ लिहिलेले असले की आत काय नाही एवढेच कळते. काय आहे ते मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते.

‘नैसर्गिक’ आणि ‘हर्बल’ या शब्दांनीही सुटका होत नाही. ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क हे नैसर्गिक परिरक्षक म्हणून विकले जाते. बाजारातील काही नमुने प्रयोगशाळेत तपासले तेव्हा त्यांची जंतुनाशक शक्ती बेन्झेथोनियम क्लोराइडसारख्या कारखान्यात बनलेल्या रसायनातून येत असल्याचे आढळले. शिवाय वनस्पतिजन्य म्हणजे ॲलर्जी नाही, हे समीकरणच मुळात चुकीचे आहे. गाजरगवताने पुण्याच्या परिसरात १९५०च्या दशकात पाय रोवले आणि तिथून ते देशभर पसरले. त्याने किती शेतकऱ्यांचे चेहरे आणि माना काळवंडून टाकल्या, हे ग्रामीण भागात दवाखाना चालवणाऱ्या कोणालाही विचारावे. तेही वनस्पतीच आहे.

औषधांचे प्रकरण सौंदर्यप्रसाधनांपेक्षा नाजूक आहे, कारण ते आजारी कातडीवर लागते. आपल्याकडे कुठलाही चट्टा उठला की तो नायटा समजून मेडिकलमधून ट्यूब आणायची पद्धत आहे. बहुतेक वेळा तिच्यात स्टिरॉइड, बुरशीविरोधी औषध आणि अँटिबायोटिक अशी खिचडी असते. स्टिरॉइडने खाज दबते, म्हणून ट्यूब लागू पडल्यासारखे वाटते. पण त्याच ट्यूबमधल्या परिरक्षकाची ॲलर्जी असेल तर चट्टा पुरता जातही नाही. लावणे थांबवले की उसळी मारून येतो, आणि मग पुन्हा तीच ट्यूब लावली जाते. पुष्कळ भारतीय क्रीमच्या ट्यूबवर औषधाच्या नावाखाली क्लोरोक्रेसॉल किंवा मिथाइल व प्रोपाइल पॅराबेन ‘परिरक्षक म्हणून’ असल्याचे लिहिलेले असते. ती ओळ वाचायची सवय डॉक्टरांनाही कमीच असते.

डोळ्यांचे थेंब हा दुसरा ठळक प्रकार. काचबिंदूच्या रुग्णाला थेंब रोज, वर्षानुवर्षे घालावे लागतात, आणि त्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक वारंवार आढळते. पापण्या लाल, खवलेदार, सतत खाजणाऱ्या. रुग्णाला वाटते वयोमानाने होते आहे. एकदाच वापरून फेकायच्या छोट्या कुप्यांतले परिरक्षकरहित थेंब मिळतात, ते महाग असले तरी अशा रुग्णासाठी तोच मार्ग उरतो. थेंब मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत; पापणीची खाज थांबवण्याच्या नादात नजर जाऊ शकते.

लशींबद्दल येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. अनेक मात्रांच्या कुप्यांत थायोमर्सल हे पाऱ्याचे संयुग परिरक्षक म्हणून वापरतात. पॅच टेस्टमध्ये ते बऱ्याच जणांत सकारात्मक येते, पण अशा व्यक्तींनाही लस दिल्यावर सहसा दंडावरच्या किरकोळ सुजेपलीकडे काही होत नाही. थायोमर्सलची पॅच टेस्ट सकारात्मक आली म्हणून मुलाची लस चुकवू नये.

खाद्यपदार्थांचे प्रकरण मुद्दाम छोटे ठेवले आहे. खाण्यातल्या परिरक्षकांबद्दल लोकांना सर्वांत जास्त भीती असते आणि स्पर्शजन्य ॲलर्जीच्या दृष्टीने त्यांचा वाटा सर्वांत लहान असतो. आपल्या अन्नकायद्यात परिरक्षकांचे दोन वर्ग आहेत. मीठ, साखर, तेल, मसाले, व्हिनेगर, मध हे पहिल्या वर्गात. म्हणजे घरचे लोणचे आणि मोरंबाही परिरक्षकांवरच टिकतात. बेन्झोइक ॲसिड, सॉर्बिक ॲसिड, सल्फाइट वगैरे दुसऱ्या वर्गात, आणि पाकिटावर ‘क्लास टू प्रिझर्व्हेटिव्ह’ असे लिहिलेले असते ते याच वर्गाबद्दल. बेन्झोइक आणि सॉर्बिक ॲसिडमुळे ओठांभोवतीची कातडी काही मिनिटांसाठी लाल होऊ शकते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डेन्मार्कच्या एका बालवाडीत सॅलडवरच्या ड्रेसिंगने बहुतेक मुलांची तोंडे अशी लाल झाली होती. ती ॲलर्जी नव्हती, रसायनाचा थेट परिणाम होता. सल्फाइटची भीती मात्र खरी आहे, पण ती मुख्यतः दमेकऱ्यांसाठी: सुक्या जर्दाळूचा झगझगीत केशरी रंग गंधकाच्या धुरीने टिकवलेला असतो आणि त्याने काही दमेकऱ्यांचा श्वास कोंडतो. अमेरिकेत असे मृत्यू झाल्यावर १९८६ साली कच्च्या फळभाज्यांवर सल्फाइट मारण्यास बंदी आली. तेच सल्फाइट बुरशीवरच्या काही क्रीममध्येही असते, आणि तिथे ते स्पर्शजन्य ॲलर्जी करते.

मग आपल्याला नेमके काय बाधते हे कळायचे कसे? अंदाजाने नाही आणि रक्त तपासूनही नाही. त्यासाठी पॅच टेस्ट आहे. १८९५ साली योझेफ यादासोन यांनी ग्राझ येथील परिषदेत ती प्रथम मांडली. त्यांच्या रुग्णाला पाऱ्याच्या मलमाने इसब झाले होते आणि तेच मलम निरोगी कातडीवर थोडेसे लावून त्यांनी तेच इसब लहान आकारात पुन्हा उमटवून दाखवले. तत्त्व आजही तेच आहे. नखाएवढ्या ॲल्युमिनियमच्या चकत्यांत व्हॅसलिनमध्ये किंवा पाण्यात मिसळलेले एकेक रसायन ठरलेल्या प्रमाणात भरतात. चकत्यांची पट्टी पाठीच्या वरच्या भागावर चिकटवतात आणि शेजारी शाईने खुणा करतात. ४८ तास पाठीला पाणी लावायचे नाही, घाम येईल असे काम करायचे नाही. मग पट्टी काढतात, थोडा वेळ थांबतात आणि पाहतात. पण खरे उत्तर या दिवशी मिळतेच असे नाही. चौथ्या दिवशी पुन्हा पाहावे लागते. पट्टीच्या दाबाने किंवा रसायनाच्या झोंबण्याने आलेली लाली तोवर ओसरलेली असते. खरी ॲलर्जी तोवर वाढलेली असते, बोट फिरवले तर तिथे हाताला उंचवटा लागतो. पहिल्याच दिवशी निकाल हातात देणाऱ्या तपासणीवर म्हणूनच विश्वास ठेवू नये. मुंबई-कोकणच्या उकाड्यात पट्ट्या घामाने सुटतात, म्हणून शक्य असेल तर ही तपासणी हिवाळ्यात करावी. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगावे.

भारतात कोणती रसायने तपासावीत याचा पाया घालण्यात दिल्लीच्या एम्समधील डॉ. जे. एस. पसरिचा यांचे काम मोठे आहे. आज वापरात असलेल्या भारतीय प्रमाणित संचात पॅराबेन, फॉर्मल्डिहाइड, क्लोरोक्रेसॉल यांसोबत सिमेंटमधले क्रोमियम, केसांच्या कलपातले पीपीडी आणि गाजरगवतही असते. निदान त्यावर संपत नाही. चकतीखाली सकारात्मक आलेले रसायन रुग्णाच्या आयुष्यात कुठे आहे, हे शोधणे हा त्यानंतरचा भाग, आणि तो डॉक्टरला बाटल्या, ट्यूब, डबे मागवून, त्यावरची अक्षरे वाचूनच करावा लागतो.

ही अक्षरे कुठे शोधायची ते सांगतो. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांवर घटकांची यादी छापणे बंधनकारक आहे. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने येतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कसेही. परिरक्षके सहसा एक टक्का किंवा त्याहून कमीच असतात, म्हणून ती बहुतेकदा यादीच्या शेपटाला, सुगंधाच्या आणि रंगाच्या आसपास सापडतात. पहिली चार-पाच नावे वाचून बाटली खाली ठेवणाऱ्याला ती कधीच दिसत नाहीत. अक्षर इतके बारीक असते की मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठे करून पाहणे हा सर्वांत सोपा उपाय. आणि अक्षर असते ते इंग्रजी. मराठी वाचणाऱ्या कोट्यवधी ग्राहकांना ही माहिती कायद्याने दिलेली आहे, व्यवहारात मिळालेली नाही. घरकाम करणारी बाई दिवसभर भांड्यांच्या लिक्विडमध्ये हात घालते. तिच्या बाटलीवर तर प्रसाधनांसारखी यादीही सापडत नाही.

म्हणून या पुस्तकात व्यवसायांचे स्वतंत्र प्रकरण आहे. पार्लरमध्ये दिवसाला दहा डोकी धुणारी मुलगी, रुग्णालयातल्या परिचारिका, रंगारी, आणि पिंपरी-चिंचवड, चाकणच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारे कामगार. यंत्रावर धातू कापताना जो कूलंट वाहतो त्यात पाणी असते, म्हणून त्यातही परिरक्षक घालावेच लागते, आणि ते बहुधा वर सांगितलेल्या घराण्यांतलेच असते. हातांना इसब झाल्यावर या लोकांना ‘काम बदला’ असे सांगणे सोपे आहे. नेमके कोणते रसायन बाधते ते कळले तर बऱ्याचदा काम बदलण्याऐवजी कूलंट किंवा हातमोजे बदलून भागते.

पुस्तकाची मांडणी साधी आहे. आधी कातडी आणि ॲलर्जी यांची ओळख, मग परिरक्षकांचे एकेक घराणे, मग औषधे, खाद्यपदार्थ आणि व्यवसाय, मग पॅच टेस्ट. शेवटी सर्व रसायनांची नावे, त्यांची पर्यायी नावे आणि ती कुठे सापडतात याची कोष्टके आहेत. ती देवनागरीत दिली आहेत आणि बाटलीवर जसा उच्चार वाचाल तशीच ठेवली आहेत. त्यांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा मोह टाळला, कारण दुकानात उभे राहून बाटली वाचताना त्यांचा काही उपयोग नसतो. औषध विक्रेते, पार्लरचालक, आशा कार्यकर्त्या आणि कुटुंबाचे डॉक्टर यांनी निदान ही कोष्टके तरी हाताशी ठेवावीत.

स्पर्शजन्य ॲलर्जीवर ती कायमची घालवणारे औषध नाही. मलमांनी चट्टा बरा होतो, ॲलर्जी राहते. ज्याने ती होते तो पदार्थ टाळणे हाच उपाय, आणि टाळायचा तर त्याचे नाव माहीत हवे. तेव्हा वाचकाला माझी विनंती एवढीच. सहा आठवडे उलटूनही न हटणारे इसब असेल तर चौथी ट्यूब आणण्याऐवजी पॅच टेस्ट करून घ्या. निकाल आला की बाधणाऱ्या रसायनाचे नाव, त्याच्या पर्यायी नावांसह, एका चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरांत लिहून पाकिटात ठेवा. डॉक्टरकडे, औषधाच्या दुकानात, पार्लरमध्ये ती आधी दाखवा आणि मगच बाटली उघडू द्या.